जंत की कॉक्सी? कोंबडीचं आतडं उघडल्यावर कळतं

"जंताचं औषध कालच पाजलंय, तरी मर थांबत नाही." पाऊस लागला की असे फोन सुरू होतात. ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांची, बॅच २४-२५ दिवसांची, शेडमध्ये अंथरलेल्या तुसावर रक्ताचे डाग, पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात गोळा झालेली. पोटात काहीतरी झालंय हे शेतकऱ्याने बरोबर ओळखलेलं असतं. पण पोटात काही झालं की आपल्याकडे त्याला जंतच म्हणायची सवय आहे, आणि तिथेच दोन दिवस वाया जातात.

पंचवीस दिवसांच्या पक्ष्यात जंतांनी रक्त पडणं जवळपास अशक्य आहे, आणि त्याचं कारण साधं आहे. कोंबडीतला सगळ्यात मोठा गोलकृमी म्हणजे अ‍ॅस्करिडिया गॅली. त्याचं अंडं विष्ठेतून पडलं की लगेच रोग पसरवत नाही. ओल आणि ऊब मिळाली तरी आतली अळी तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात. मग ते कोंबडीने टिपलं, तर पोटात कृमी पूर्ण वाढून अंडी घालायला आणखी पाच ते आठ आठवडे. ब्रॉयलर तर ३५ ते ४२ दिवसांत गाडीत चढतो. जंतांना तिथे वेळच मिळत नाही.

कॉक्सी, म्हणजे कॉक्सिडिओसिस किंवा रक्ती हगवण, हा कृमीच नाही. आयमेरिया नावाचा तो एका पेशीचा जीव आहे, डोळ्यांना न दिसणारा. त्याचं कवचबंद बीज, सोयीसाठी अंडंच म्हणू, ओल्या उबदार तुसात एक-दोन दिवसांत तयार होतं. पोटात गेल्यावर चार ते सात दिवसांत नवी अंडी बाहेर पडायला लागतात.

खरा फरक गणिताचा आहे. गोलकृमीच्या एका अंड्यातून एकच कृमी होतो, पोटात त्याची संख्या वाढत नाही. कॉक्सीच्या एका तयार अंड्यातून आठ जीव सुटतात. प्रत्येक जण आतड्याच्या अस्तरातल्या एका पेशीत शिरतो, आत वाढतो, पेशी फोडून शेकड्यांनी बाहेर येतो आणि ते पुन्हा नव्या पेशींत शिरतात. अशा दोन-तीन फेऱ्यांत एकाचे हजारो होतात. आयमेरियाच्या टेनेला नावाच्या जातीत पाचव्या-सहाव्या दिवशी अस्तर एकदम फाटतं आणि रक्त पडतं. म्हणूनच काल ठीक दिसणारं शेड आज लाल दिसतं. जंत असे एका रात्रीत कधीच येत नाहीत.

मग जंताचं औषध देऊन "गुण आला" असं लोक का सांगतात? कारण कॉक्सीची एक लाट आठवड्याभरात आपोआप ओसरते. जगलेल्या पक्ष्यांत त्या जातीपुरती प्रतिकारशक्ती येते, रक्त थांबतं, आणि श्रेय पायपेराझीन या जंताच्या औषधाला जातं. कॉक्सीवर त्या औषधाचा काहीही परिणाम होत नाही. त्या आठवड्यात गेलेले पक्षी मात्र परत येत नाहीत, हे मला दर वेळी खुपतं.

त्यामुळे ताजा मेलेला पक्षी उघडून बघाच. लहान आतडं जिथे संपतं तिथे दोन बाजूंना दोन बंद नळ्या फुटतात, ती आंधळी आतडी. टेनेला असेल तर त्या फुगून काळपट लाल दिसतात. कात्री लावली की रक्त आणि गुठळ्या बाहेर येतात. जंत असतील तर लहान आतड्याच्या मधल्या भागात उभी चीर द्या. शेवयांसारखे पांढरट-पिवळसर कृमी वळवळताना दिसतील, मादी ७ ते ११ सेंटिमीटरपर्यंत लांब. इथे शंकेला जागाच राहत नाही.

अडचण येते ती रक्त न पडणाऱ्या कॉक्सीत. अ‍ॅसर्व्हुलिना जात आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आडव्या पांढऱ्या रेघा पाडते, मॅक्सिमा मधल्या भागात नारिंगी चिकट द्रव. मर फारशी नसते, पण खाद्य जातं आणि वजन येत नाही. जंतांचं चित्रही नेमकं असंच: तुरा फिका, छातीचं हाड टोचणारं, अंडी कमी. अशा वेळी विष्ठेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून तो जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो.

एक गोष्ट जाता जाता सांगते. अधूनमधून दिसणारी चॉकलेटी, चिकट विष्ठा आंधळ्या आतड्यांतून येते आणि ती निरोगी पक्ष्याचीच असते. तिला पाहून औषध सुरू करू नका.

कॉक्सीवर पाण्यातून अँप्रोलियम किंवा टोल्ट्राझुरिल दिलं जातं, मात्रा डॉक्टरांनी वजनावर ठरवायची. अँप्रोलियम हे जीवनसत्त्व ब-१ सारखं दिसून त्या जीवाला फसवतं. म्हणून त्याच पाण्यात ताकदीसाठी बी-कॉम्प्लेक्स घातलं, ज्यात ब-१ असतंच, तर आपणच औषध मारतो. ही चूक मी कितीदा पाहिली आहे. टोल्ट्राझुरिल अंडी देणाऱ्या कोंबड्यांना चालत नाही.

जंतांचा खरा प्रश्न आहे तो जमिनीवर महिनोन्महिने राहणाऱ्या पक्ष्यांत, म्हणजे गावरान, ब्रीडर (पिल्लांसाठी ठेवलेल्या कोंबड्या), आणि लिटरवरच्या, म्हणजे तुसावर ठेवलेल्या लेयर (अंड्यांच्या कोंबड्या). पायपेराझीन फक्त मोठे गोलकृमी पाडतं. लहान अळ्या आतड्याच्या अस्तरात दडून राहतात, त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा तेच. फेनबेंडाझोल किंवा लेव्हामिसोलची पोहोच जास्त आहे. पिंजऱ्यातल्या लेयरमध्ये गोलकृमी कमी होतात, पण माश्या आणि भुंगेरे पट्टकृमी (फितीसारखे चपटे जंत) घेऊन येतात. तिथे औषधाइतकंच माश्यांचा बंदोबस्त करणं गरजेचं.

दोन्ही रोग तुसातून येतात, आणि साध्या जंतुनाशकाला दोघांचीही अंडी दाद देत नाहीत. पाणी गळणाऱ्या निपलखालचं (कोंबड्यांना पाणी देणाऱ्या तोटीखालचं) तूस मुठीत दाबा. लाडू वळला आणि मूठ उघडल्यावर तसाच राहिला, तर तेवढं तूस आजच काढून कोरडं घाला आणि निपल बदला.