उसण, चमक आणि मुंग्या: ॲक्युपंक्चरची सुई कुठे काम करते, कुठे नाही

मराठीत दुखण्याला एकच शब्द नाही, आणि हे सुई टोचणाऱ्याच्या पथ्यावर पडतं. "पाठीत उसण भरली", "मान अवघडली", "खांद्यात ठणका आहे" असं सांगणाऱ्याचं दुखणं बहुधा स्नायूत असतं. "कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत चमक जाते", "बोटांना मुंग्या येतात", "तळव्याची आग होते" असं सांगणाऱ्याचं बहुधा मज्जातंतूत. घोटाळा होतो तो 'नस' या शब्दामुळे. रक्तवाहिनीही नस, मज्जातंतूही नस, आणि रात्री पोटरीत गोळा आला तरी आपण "नस चढली" म्हणतो. तो गोळा असतो निव्वळ स्नायूचा. त्यामुळे "नस दबली आहे" एवढ्यावर सुया काढणारा माणूस दिसला, तर थोडं थांबावं.

आधी तपासणी हवी. रुग्णाला उताणं झोपवून पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलायचा. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली चमक गेली, तर कंबरेतल्या मज्जातंतूच्या मुळाशी काही तरी आहे. नुसती मांडीची मागची बाजू ताणली गेली, तर तो स्नायूचा ताण. टाचांवर आणि मग चवड्यांवर चालायला लावायचं, म्हणजे पायातलं बळ कमी झालंय का ते कळतं. मनगटासाठी दोन्ही हातांचे पंजे खाली वाकवून ६० सेकंद धरायचे. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या आल्या, तर मनगटाच्या बोगद्यात मीडियन नर्व्ह (तिथून पंजात जाणारा मज्जातंतू) दाबली जात असण्याची शक्यता वाढते. दोन-चार मिनिटांचं काम आहे, पण सुई कुठे, किती खोल आणि कशासाठी हे त्यावर ठरतं.

सुईबद्दलची भीती बरीचशी इंजेक्शनच्या आठवणीतून येते. रक्त काढायला वापरतात ती सुई साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाड, पोकळ आणि तिरक्या धारेची असते. ती ऊती कापत आत जाते. ॲक्युपंक्चरची सुई भरीव असते, नेहमीच्या वापरातली ०.२५ मिलिमीटर जाडीची आणि २५ ते ४० मिलिमीटर लांबीची. तिचं टोक ऊती बाजूला सारत आत शिरतं. कुल्ल्याच्या जाड स्नायूंसाठी ७५ मिलिमीटरची, चेहऱ्यासाठी १३ मिलिमीटरची. सुई आत जाताना झोंबली, तर अनेकदा दोष सुईचा नसून स्पिरिटचा असतो: ते पुरतं वाळायच्या आधीच टोचलेलं असतं.

स्नायूच्या दुखण्याचं उत्तम उदाहरण म्हणजे मानेच्या बुडापासून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रपीझियस. दिवसभर संगणकापुढे किंवा शिलाई मशीनवर वाकणाऱ्यांचा हा स्नायू चाचपला, की त्यात ताणलेल्या दोरीसारखा एक पट्टा लागतो आणि त्या पट्ट्यात एक बिंदू असा, की दाबताच माणूस दचकतो. याला ट्रिगर पॉइंट म्हणतात. गंमत अशी, की हा बिंदू दाबला तर दुखतं कानशिलाशी. डोकेदुखीच्या गोळ्या खाणाऱ्या कित्येकांचं मूळ इथे असतं.

हा बिंदू टोचायची रीत ठरलेली आहे. रुग्ण पालथा किंवा कुशीवर, बसलेला नको. स्नायू अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून छातीपासून वर उचलायचा आणि सुई त्या चिमटीतच, एका बोटाकडून दुसऱ्या बोटाकडे न्यायची. खाली सरळ ढकलायची नाही, कारण त्याच जागेखाली फुप्फुसाचं शिखर असतं आणि बारीक बांध्याच्या माणसात तिथे त्वचेपासून फुप्फुसाच्या आवरणापर्यंतचं अंतर जेमतेम १० ते २० मिलिमीटर भरतं. सुई नेमक्या बिंदूत गेली, की स्नायू क्षणभर उडतो, पाण्यात मासा उसळावा तसा. सुई त्वचेबाहेर न काढता पाच-दहा वेळा मागेपुढे करायची, उडणं थांबलं की बाहेर काढायची आणि अर्धा-एक मिनिट कापसाने दाबून धरायचं. पुढचा दिवसभर, क्वचित दोन दिवस, जागा ठेचल्यासारखी दुखते. गरम शेक आणि मानेच्या सावकाश हालचाली पुरतात. या प्रकाराला फिजिओथेरपीत ड्राय नीडलिंग म्हणतात. दोन्ही पंथांचे लोक आपापलं वेगळेपण हिरिरीने सांगतात. सुई मात्र दोघांची तीच.

पारंपरिक चिनी पद्धतीत सुई टोचून २० ते ३० मिनिटं तशीच ठेवतात आणि अधूनमधून फिरवतात. बिंदू शोधायचं माप 'त्सुन'. एक त्सुन म्हणजे अंगठ्याच्या पेराची रुंदी, पण ती रुग्णाच्या अंगठ्याची, उपचार करणाऱ्याच्या नव्हे. नवखे इथे हमखास चुकतात आणि सहा फुटी माणसाच्या पायावर आपल्या बोटांनी मापं घेतात. सुई योग्य खोलीवर पोचली, की टोचल्याची तीक्ष्ण वेदना येत नाही. जड, भरून आल्यासारखं, आतून दाबल्यासारखं वाटतं. चिनी भाषेत याला 'द ची' म्हणतात. त्याच वेळी हाताला सुई धरून ठेवल्यासारखी लागते. अमेरिकेत संशोधक हेलेन लँजेविन यांनी दाखवलं, की सुई फिरवली की त्वचेखालचे कोलॅजनचे तंतू तिच्याभोवती चातीवरच्या सुतासारखे गुंडाळले जातात आणि आसपासची ऊती ताणली जाते. म्हणून एकाच दिशेने फार फिरवलेली सुई अडकते. तेव्हा ती ओढायची नाही. उलट फिरवायची, आजूबाजूला बोटांनी थापटायचं, थोडं थांबायचं. तरीही सुटली नाही तर शेजारी दुसरी सुई टोचली की स्नायू सैल पडतो.

या टोचण्याने दुखणं कमी का व्हावं? ट्रिगर पॉइंटमधला द्रव अतिसूक्ष्म नळीने काढून तपासल्यावर त्यात आम्लता आणि सबस्टन्स पी, ब्रॅडिकायनिन यांसारखी वेदना भडकवणारी द्रव्यं जास्त आढळली; स्नायू उडाल्यानंतर सबस्टन्स पीचं प्रमाण उतरलं. २०१० साली माइकेन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांच्या गुडघ्याखालच्या बिंदूत सुई ठेवून दर पाच मिनिटांनी फिरवली, तेव्हा तिथे ॲडिनोसिन हे वेदनाशामक द्रव्य सुमारे २४ पट वाढलं. ॲडिनोसिनचा ए-१ ग्राहक (पेशीवर हे द्रव्य जिथे चिकटतं ती जागा) नसलेल्या उंदरांना मात्र सुईचा काही उपयोग झाला नाही. दुसरी पातळी मेंदूची. अफूचा परिणाम रोखणारं नॅलोक्सोन दिलं की सुईचा वेदनाशामक परिणाम कमी होतो, हे १९७० च्या दशकात आधी प्राण्यांत आणि मग माणसांत दिसलं. म्हणजे शरीर स्वतःची अफू वापरत होतं. बीजिंगच्या हान जिशेंग यांनी पुढे दाखवलं, की सुयांना जोडलेला वीजप्रवाह २ हर्ट्झचा असेल तर एनकेफॅलिन आणि एंडॉर्फिन सुटतात, १०० हर्ट्झचा असेल तर डायनॉर्फिन; ही तिन्ही शरीराचीच अफूसारखी द्रव्यं. इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चरच्या यंत्रावर दोन्ही वारंवारता आलटून पालटून देणारं बटण असतं ते यासाठी. पेसमेकर बसवलेल्या माणसाला हे यंत्र लावत नाहीत.

मज्जातंतूच्या दुखण्यात हिशेब वेगळा. इथे सुई तंतूत जाऊन चालत नाही. मनगटाच्या घडीपासून दोन त्सुन वर, दोन कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मधोमध जो प्रसिद्ध बिंदू आहे, त्याच्या बरोबर खाली मीडियन नर्व्ह असते. तिथे सुई हळू, थोडीच आत न्यायची. बोटांत झटका गेला की तात्काळ मागे घ्यायची. सायटिकात, म्हणजे कंबरेतून पायात उतरणाऱ्या सायटिक नर्व्हच्या दुखण्यात, कंबरेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या त्सुनवरचे बिंदू, कुल्ल्यातला खोल बिंदू, गुडघ्यामागच्या घडीचा मध्य, नडगीच्या बाहेरच्या हाडाच्या डोक्याखालचा खळगा आणि बाहेरच्या घोट्यामागची जागा अशी सुयांची साखळी लावतात. जुन्या पद्धतीत कुल्ल्यातली सुई पायभर झटका जाईपर्यंत खोल नेत. तो झटका म्हणजे सायटिक नर्व्हला टोक लागल्याची खूण. तो मिळवायचा हट्ट सोडलेला बरा.

सुई मणक्यांमधली सरकलेली चकती जागेवर आणत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. तिच्याकडून अपेक्षा असते ती वेदनेचा आवाज खाली आणण्याची आणि दुखण्याभोवती आखडलेले स्नायू सोडवण्याची, म्हणजे चालता-फिरता येतं आणि शरीर आपली दुरुस्ती करतं. मनगटाच्या बाबतीत याहून थोडं जास्त दिसलंय. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ८० रुग्णांना आठ आठवड्यांत १६ वेळा उपचार दिले. लक्षणं खोट्या ॲक्युपंक्चरनेही, म्हणजे तुलनेसाठी केलेल्या उपचाराच्या सोंगानेही, कमी झाली. पण तंतूतून संदेश जाण्याचा वेग आणि मेंदूतला बोटांचा नकाशा सुधारला तो खऱ्या उपचारानेच. बाकी मधुमेहाची आग, नागिणीनंतर उरणारा दाह यांबद्दल पुरावा तोकडा आहे. वैद्यकीय पुराव्याची छाननी करणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात मज्जातंतूच्या वेदनेवरचे जेमतेम सहा अभ्यास हाती लागले आणि त्यांतून ठाम निष्कर्ष काढता आला नाही. मधुमेही माणसाच्या बधिर झालेल्या पावलात सुई टोचणं तर जोखमीचंच: दुखलेलं कळत नाही, जखम भरत नाही.

खोटं ॲक्युपंक्चर हा या क्षेत्रातला अवघड प्रश्न आहे. २००७ च्या जर्मन चाचणीत पाठदुखीच्या ११६२ रुग्णांपैकी खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्क्यांना फरक पडला, भलत्याच जागी उथळ टोचल्याने ४४.२ टक्क्यांना आणि औषधं-व्यायाम या नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना. टीकाकार पहिल्या दोन आकड्यांकडे बोट दाखवतात, समर्थक तिसऱ्याकडे. उथळ टोचणं हेही शेवटी टोचणंच आहे, ते साखरेच्या गोळीसारखं निष्क्रिय नाही. त्यानंतर २०१८ मध्ये ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा जुनाट वेदनेत खऱ्या सुईची सरशी दिसली. खोट्या सुईपेक्षा ती थोडीशीच होती. आमच्या मते याचा व्यावहारिक अर्थ असा, की बिंदूंच्या गूढ नकाशाला जेवढं महत्त्व दिलं जातं तेवढं ते नाही. अधिकृत शिफारशीही एकसारख्या नाहीत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका म्हटलं आणि २०२१ मध्ये जुनाट प्राथमिक वेदनेसाठी (दुसऱ्या कुठल्या आजाराने जिचा उलगडा होत नाही अशा) त्याचा विचार करायला हरकत नाही म्हटलं.

काय बिघडतं त्याचा हिशेब जर्मनीतच झाला. २,२९,२३० रुग्णांपैकी ८.६ टक्क्यांनी काही ना काही त्रास सांगितला. बहुतेक जरासं रक्त येणं किंवा काळं-निळं पडणं. फुप्फुसाला छिद्र पडण्याच्या घटना दोन. घेरी येते ती बहुधा पहिल्याच वेळी, उपाशीपोटी आणि बसवून टोचलेल्या माणसाला. सगळ्या सुया काढायच्या, आडवं करून पाय उंच ठेवायचे. छातीच्या मधल्या हाडावर सुई सरळ टोचत नाहीत, कारण काही लोकांच्या त्या हाडात जन्मतः भोक असतं आणि मागे हृदय. सुया एकदाच वापरायच्या, पाकीट रुग्णासमोर फोडायचं, वापरलेली सुई भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायची. टोचलेल्या आणि काढलेल्या सुया मोजायच्या. केसांत किंवा पाठीवर एखादी विसरणं हे ऐकायला विनोदी वाटलं तरी घडतं.

भारतात ही विद्या रुजण्यात एक मराठी धागा आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, तसे कलकत्त्याचे बिजॉयकुमार बसूही. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून त्यांनी कलकत्त्यात ते सुरू केलं. महाराष्ट्राने यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने ही स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्य केली. तेव्हा सुई टोचून घेण्याआधी नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको.

आठवड्यातून एक-दोनदा, एका वेळी सहा ते पंधरा सुया, अशा सहा ते दहा बैठका हा नेहमीचा पल्ला. चार-पाच बैठकांनंतर झोप, चालण्याचं अंतर, गोळ्यांची संख्या यांत काहीच हललं नसेल, तर पुढच्या दहा बैठकांचे पैसे भरू नयेत. आणि पाऊल लटकं पडायला लागलं, दोन मांड्यांमधली जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर ॲक्युपंक्चरची वेळ रद्द करून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.