शर्यतीसाठी जुनी ओपन क्लास मोटोक्रॉस गाडी निवडताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या वर्कशॉपमध्ये फोन वाजला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "जुन्या पाचशे सीसीमध्ये सगळ्यात ताकदवान गाडी कुठली?" विचारणारे बहुतेक आपलेच लोक. कॉलेजात येझदीचे नाहीतर आरएक्स 100 चे मडगार्ड काढून माळावर पळवलेली असते, मग नोकरीसाठी अमेरिकेत येणं होतं. आता मुलं मोठी झालेली असतात आणि व्हिंटेज मोटोक्रॉसचं, म्हणजे जुन्या गाड्यांच्या मातीतल्या शर्यतींचं, मैदान हाका मारत असतं. अशा प्रत्येकाला आम्ही एकच विचारतो: तुम्हाला दुसरी मोटो पूर्ण करायची आहे ना?

कारण शर्यत दोन मोटोंची, म्हणजे दोन वेगळ्या धावांची, असते आणि निकाल दोन्ही मिळून लागतो. मोठी टू-स्ट्रोक गाडी पहिल्या मोटोत अंगात वारं भरते. पण दुसऱ्या मोटोच्या तिसऱ्या लॅपला हात भरून आलेले असतात, क्लचची बोटं उघडत नाहीत, आणि अशा वेळी गाडी वळणात बंद पडली तर ती पुन्हा सुरू करण्याइतका दम अंगात उरलेला नसतो. म्हणून आम्ही गाडी तीन गोष्टींवर पारखतो: ती किकला उठते का, वळते का, आणि तिचे सुटे भाग मिळतात का. ताकदीचं म्हणाल तर ओपन क्लासमधल्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या इंजिनांच्या वर्गातल्या, कुठल्याच गाडीला ती कमी नाही.

आधी वर्ग, मग गाडी

अमेरिकेत या शर्यती मुख्यतः अमेरिकन हिस्टॉरिक रेसिंग मोटरसायकल असोसिएशन, म्हणजे एएचआरएमएच्या नियमांनी होतात. त्यांच्या व्हिंटेज वर्गांत सस्पेन्शनला मर्यादा आहे: पुढचं चाक 7 इंच, मागचं 4 इंच, यापेक्षा जास्त खालीवर होता कामा नये. या आकड्यांमागे इतिहास आहे. 1974-75 च्या सुमाराला युरोपातल्या कारखान्यांनी मागचे शॉकअप पुढे सरकवून तिरके बसवले, यामाहाने टाकीखाली एकच शॉक असलेली मोनोशॉक आणली, आणि दोन-तीन वर्षांत सगळं बदललं. 1981 पर्यंत चाकं जवळपास 12 इंच खालीवर होऊ लागली. त्या गाडीशेजारी 4 इंचवाली गाडी उभी करून शर्यत लावणं म्हणजे अन्याय, म्हणून हे वर्ग वेगळे.

नंतरच्या, म्हणजे पोस्ट-व्हिंटेज गाड्यांमध्येही वाटण्या आहेत: मागच्या शॉकला जोडलेल्या तरफांची यंत्रणा, म्हणजे लिंकेज, आहे की नाही, इंजिन हवेवर थंड होतं की पाण्यावर, ब्रेक ड्रमचा की डिस्कचा. इंग्लंडमध्ये ट्विनशॉक नावाचा वर्ग आहे, दोन शॉकअप आणि ड्रम ब्रेकच्या गाड्यांसाठी. ऑस्ट्रेलियात इव्होल्यूशन वर्ग आहे: हवेवर थंड होणारं इंजिन, ड्रम ब्रेक, लिंकेज नको. आमच्या एका ग्राहकाने हौसेने 1984 ची होंडा सीआर 500 घेतली. गाडी सुंदर, इंजिनही हवेवर थंड होणारं, पण पुढे डिस्क ब्रेक. ज्या वर्गात मित्रांबरोबर धावायचं होतं, तिथे ती चाललीच नाही. तेव्हा पैसे देण्याआधी यंदाचं नियमपुस्तक उघडा, आणि समजलं नाही तर आम्हाला विचारा. विचारण्याचे पैसे आम्ही घेत नाही.

चार इंचांच्या गाड्या

इथे आमची पहिली पसंती सीझेड 400. चेकोस्लोव्हाकियातल्या स्ट्राकोनित्सेच्या या कारखान्याच्या गाड्यांवर पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीड्रिक्सने 1966, 1967 आणि 1968 अशी लागोपाठ तीन वर्षं 500 सीसीची जागतिक स्पर्धा जिंकली. पुढे 400 आली. ही गाडी जड आहे, दिसायला ओबडधोबड आहे, पण इंजिनाचा ओढा खालपासून सारखा. थ्रॉटल उघडला की दगा देत नाही. आणि येझदीवर वाढलेल्या माणसाला इथे घरी आल्यासारखं वाटतं, कारण किक आणि गियर एकाच दांड्यावर! आत दाबून उभा केला की किक, खाली आला की गियर. म्हैसूरची जावा-येझदी त्याच देशातल्या जावाच्या परवान्यावर बनत होती, तेव्हा हे नातं खरंच आहे. आमच्याकडे एक कोल्हापूरकर ग्राहक पहिल्यांदा सीझेडवर बसले आणि कुणी काही सांगायच्या आत त्यांचा पाय त्या दांड्यावर गेला.

हुस्कवर्ना 400 तिच्यापेक्षा हलकी आणि वेगात स्थिर. हाइकी मिक्कोलाने 1974 चं 500 सीसीचं विजेतेपद हुस्कवर्नावरच मिळवलं. मोकळ्या, वेगवान ट्रॅकवर धावणार असाल तर आम्ही हीच सुचवू. पॉवर मात्र सीझेडपेक्षा तिखट, तेव्हा क्लचवर हुकूमत हवी.

ज्यांना फोर-स्ट्रोकचा ठोका ऐकल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांच्यासाठी बीएसए बी 50 एमएक्स, किंवा तिच्याच इंजिनाभोवती ॲलन क्ल्यूज यांनी बोल्टनमध्ये उभी केलेली सीसीएम. गियर उजव्या पायाला, जुन्या बुलेटसारखा. बुलेटला किक मारायची सवय असलेल्यांना हिचंही तंत्र लगेच जमतं: पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, किंचित पुढे न्यायचा, मग पूर्ण वजन टाकायचं.

आणि एक गाडी आम्ही कळकळीने टाळायला सांगतो: सुझुकी टीएम 400. रॉजर डी कॉस्टरने सुझुकीवर 1971 ते 1973 तीन जागतिक विजेतेपदं मिळवली, आणि त्या नावाच्या भरात ही गाडी खपली. पण त्याची कारखान्याची गाडी वेगळी आणि दुकानातली वेगळी. टीएम 400 खाली काहीच देत नाही आणि मग एकदम सगळं देते, तेही नेमकं वळणातून बाहेर पडताना. इग्निशन बदलून, फ्लायव्हीलचं वजन वाढवून ती पुष्कळ निवळते. संग्रहात ठेवा, प्रेमाने ठेवा. पहिल्या शर्यतीसाठी नको.

लांब सस्पेन्शनच्या गाड्या

मायको 490, मॉडेल 1981. पश्चिम जर्मनीच्या या छोट्या कारखान्याने वळणारी गाडी म्हणजे काय ते सगळ्या जगाला दाखवलं. पुढचं चाक जमीन धरून ठेवतं, 42 मिलीमीटरचे फोर्क आजही शिकवण्यासारखे आहेत, आणि इंजिन इतकं समजूतदार की तिसऱ्या गियरमध्ये ठेवून अर्धा ट्रॅक निघतो. आम्ही ज्या ज्या मोठ्या गाड्या हाताळल्या, त्यांत हिच्याइतकी थकवा न देणारी दुसरी नाही. पण किक डाव्या बाजूला आहे, केसिंग मॅग्नेशियमचं आहे, आणि प्रत्येक शर्यतीनंतर नट-बोल्ट तपासावेच लागतात. हातात पाना धरण्याची ज्यांना मनापासून आवड आहे त्यांनीच घ्यावी. 1982 चं एकाच शॉकचं मॉडेल मात्र डोळे झाकून घेऊ नका. मागचा शॉक, हब आणि गियरबॉक्स यांच्या बिघाडांनी त्या वर्षीची गाडी बदनाम झाली, आणि पुढच्याच वर्षी कंपनीचं दिवाळं निघालं.

ज्यांना शनिवारी गाडी व्हॅनमध्ये घालून रविवारी फक्त पळवायची आहे, त्यांना आम्ही यामाहा वायझेड 465 देतो. 1980 आणि 1981, फक्त दोन वर्षं निघाली. साधी मोनोशॉक, लिंकेज नाही, ड्रम ब्रेक, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या इव्होल्यूशन वर्गातही चालते. हिच्यानंतर आलेली वायझेड 490 आकड्याने मोठी, पण डिटोनेशनचं, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकण्याचं, दुखणं घेऊन आली. टाचणी वाजल्यासारखा तो टिकटिक आवाज आला की पिस्टनचं आयुष्य कमी होतंय असं समजा. हेडचा आकार बदलून आणि चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल घालून ते आवरता येतं. आम्ही ते काम करतो, पण 465 मिळत असेल तर ते करायची वेळच येत नाही.

लिंकेज चालणाऱ्या वर्गात 1983 ची होंडा सीआर 480. आदल्या वर्षी चार गियर होते, 1983 ला पाच आले, आणि गाडीचा स्वभाव सुधारला. सुझुकी आरएम 465 चं मागचं सस्पेन्शन उत्तम, तीही वाईट नाही.

इंजिनाची तब्येत

कागदावर कुठलीही गाडी निवडा, अखेर तुम्ही विकत घेता ती चाळीस-पन्नास वर्षं जुनी वस्तू. टू-स्ट्रोकमध्ये सगळ्यात मोठा चोर म्हणजे क्रँकचं सुकलेलं ऑइल सील. मॅग्नेटच्या बाजूचं सील गळलं की बाहेरची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि सीझ होतो. क्लचच्या बाजूचं गळलं की इंजिन गियर ऑइल पिऊ लागतं आणि पांढरा धूर सोडतं. म्हणून आमच्याकडे आलेली प्रत्येक गाडी सुरू करण्याआधी आम्ही इंजिनाची तोंडं बंद करून आत 6 पीएसआय हवा भरतो. मिनिटाला 1 पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर गळती सापडेपर्यंत त्या गाडीला किक मारत नाही. या कामाला अर्धा तास लागतो. सीझ झालेला सिलिंडर रिबोअर करायला आणि योग्य पिस्टन शोधायला कधीकधी तीन महिने जातात.

युरोपच्या गाड्यांमध्ये स्पेनच्या मोटोप्लाटची इग्निशन असते. वय झालं की तिची कॉइल तापल्यावर ठिणगी देणं थांबवते, थंड झाल्यावर पुन्हा चालते, आणि माणूस उगाच कार्बोरेटर उघडत बसतो. आम्ही सरळ पीव्हीएल कंपनीची नवी इग्निशन बसवतो. इथल्या पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल असतं, ते पाणी शोषतं, म्हणून शर्यतीनंतर कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. बुल्टाकोसारख्या फायबरग्लासच्या टाकीत तर असलं पेट्रोल ठेवूच नका, टाकी आतून विरघळते आणि तो चिकटा थेट जेटमध्ये जाऊन बसतो.

फ्रेमला स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, खिळीजवळ आणि हँडलच्या खाली तडे बघा. मागचं चाक धरून आडवं हलवा, खटखट आली तर बुश गेले. जुन्या ड्रममध्ये नुसते नवे लायनर टाकून ब्रेक लागत नाहीत, ते ड्रमच्या गोलाईला घासून बसवावे लागतात. हे काम आम्ही लेथवर करून देतो.

गाडी बघायला जाण्याआधी इंजिन नंबर, फ्रेम नंबर आणि दोन्ही बाजूंचे फोटो आम्हाला पाठवा. आणि विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी सिलिंडरला हात लावा. गरम लागला तर चहा घ्या, गप्पा मारा, तासभर थांबा. मग गार इंजिनाला, तुमच्या रेसच्या बुटांनी, तुम्ही स्वतः किक मारा.