पार्श्वभूमी : किनाऱ्याची मोजणी

मराठवाड्याला समुद्र नाही, पण समुद्राच्या एका फार जुन्या माहितीपुस्तकात पैठण आणि तेर आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातले ग्रीक 'पेरिप्लस' सांगते : गुजरातेतल्या भडोच बंदराहून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला सुमारे १० दिवसांवर तेर, माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदरावर येतो. नर्मदेच्या मुखावरच्या उथळ जागा, भरतीचा लोंढा, वाट दाखवायला पुढे येणारे कोळी, सगळे त्यात आहे. पण गावांची अंतरे दिवसांत दिलेली. त्यावरून नकाशा मांडता येत नाही.

अक्षांश दुपारच्या सूर्याच्या उंचीवरून निघतो. रेखांशाचे दुखणे वेगळे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून दोन ठिकाणच्या माध्यान्हीतला फरक कळावा लागतो. तेरला सूर्य पैठणच्या जेमतेम ३ मिनिटे आधी माथ्यावर येतो. घड्याळ ४ मिनिटे चुकले, की आपल्या अक्षांशावर गाव सुमारे १०५ किलोमीटर सरकलेच. डुलत्या जहाजावर टिकेल असे घड्याळ इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसनने केले. १७६१-६२ च्या जमैका सफरीत ते कसाला लागले. किनाऱ्यांची नेमकी मोजणी त्यानंतरची.

इंग्रज नौदल अधिकारी मॅथ्यू फ्लिंडर्सने १८०१ ते १८०३ या काळात 'इन्व्हेस्टिगेटर' या ३३४ टनी जहाजातून ऑस्ट्रेलियाचे किनारे मोजले. शेतात मोजणीदार बांधावर उभा राहतो. इथे बांधच चालता. म्हणून लाटा फुटताना दिसतील इतक्या जवळून जायचे, एकाच टेकडीचे कोन दोन-तीन जागांवरून घ्यायचे, रेषा छेदतील तिथे टेकडी मांडायची. खोली शिसे बांधलेल्या दोरीने, वावांत. एक वाव म्हणजे ६ फूट. शिशाच्या बुडाला चरबी थापलेली असे. तिला वाळू चिकटली की चिखल, यावरून तळ कळे, नांगर धरेल का याचा अंदाज येई. रात्री खोल पाण्यात सरायचे, सकाळी सोडलेल्या टोकावरच परत यायचे. नाहीतर मधला किनारा सुटलाच.

होकायंत्र मात्र दगा देई. जहाजाचे तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला असले की सुई जास्त ढळे, उत्तर-दक्षिण असले की फारशी नाही. दोष जहाजातल्या लोखंडाचा, हे फ्लिंडर्सने नोंदींवरून ताडले. त्यावर उपाय म्हणून होकायंत्राजवळ बसवायची उभी लोखंडी कांब आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

लाकडाला मात्र इलाज नव्हता. नोव्हेंबर १८०२ मध्ये कार्पेंटरियाच्या आखातात सुतारांनी फळ्या तपासल्या, तर कितीतरी कुजलेल्या. हवा चांगली राहिली तर सहा महिने, वादळात भरवसा नाही, असा त्यांचा निर्वाळा. वायव्येचा किनारा तसाच टाकून फ्लिंडर्स जून १८०३ मध्ये सिडनीला परतला. ते काम १८१७ ते १८२२ मध्ये फिलिप पार्कर किंगने केले, बहुतेक ८४ टनी 'मर्मेड'मधून.