पार्श्वभूमी : मिठाची गाडी कोणत्या रस्त्यावर जाणार?

ब्रिटनमध्ये थंडी पडू लागली की कौन्सिलांकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे, तीच ती तक्रार येते : बर्फ धरू नये म्हणून मोठ्या रस्त्यावर मीठ पडतं, मग आमच्या गल्लीत का नाही? कौन्सिल उत्तरादाखल नकाशा दाखवते. ए आणि बी वर्गाचे (म्हणजे मुख्य) रस्ते, बसचे मार्ग, इस्पितळ आणि अग्निशमन केंद्राकडे जाणारे रस्ते, अवघड चढ यांना आधी मीठ. बाकीच्यांना जमलं तर. हा नकाशा अभियंत्यांचा वाटतो, पण त्याला आकार दिलाय कोर्टकचेऱ्यांनी.

गोष्ट १७८८ची. डेव्हन परगण्यातल्या मोडक्या पुलावर एकाच्या मालगाडीचं नुकसान झालं आणि त्याने थेट परगण्याच्या रहिवाशांवर दावा ठोकला. न्यायालयाने तो फेटाळला. पुढे नियमच रूढ झाला की रस्ता वाईट दुरुस्त केलात तर भरपाई द्या; हातच लावला नाहीत तर मोकळे! आळशाला बक्षीस देणारं हे संरक्षण १९६१च्या कायद्याने काढून घेतलं, पण त्याबरोबर कौन्सिलांना एक बचावही दिला. रस्ता कोणत्या प्रकारचा आहे, त्यावर किती रहदारी अपेक्षित आहे, हे पाहून आपण वाजवी काळजी घेतली, असं दाखवता आलं तर सुटका. १९८०च्या हायवेज ॲक्टच्या कलम ५८मध्ये तो आजही आहे. रस्त्यांच्या प्राधान्यक्रमाचं मूळ मला इथेच दिसतं. लेखी हिवाळी योजना, ठरलेले मार्ग, गाडी कधी निघाली याची नोंद, हा सगळा कागद रस्त्याइतकाच न्यायाधीशांसाठीही असतो.

प्रश्न उरला बर्फाचा : तो हटवणं देखभालीत मोडतं का? १९७८मध्ये अपील न्यायालयाने केंटमधल्या एका खटल्यात बहुमताने 'मोडतं' म्हटलं. मग ईस्ट ससेक्सचं प्रकरण आलं. १९९१च्या नोव्हेंबरात सकाळी एका तरुणाची गाडी डोळ्यांना न दिसणाऱ्या बर्फावरून घसरली आणि तो कायमचा जायबंदी झाला. मिठाच्या गाड्या बाहेर पडल्या होत्या, त्या ठिकाणी पोचायच्या होत्या. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला आणि २०००मध्ये निकाल लागला : देखभाल म्हणजे रस्ता दुरुस्त ठेवणं, बर्फ हटवणं त्यात येत नाही. स्कॉटलंडमध्ये मात्र १९८४च्या कायद्यातच बर्फाची जबाबदारी स्पष्ट लिहिलेली होती. इंग्लंड-वेल्समधली फट २००३मध्ये संसदेने बुजवली. त्याच जानेवारीत एम-११ मोटरवेवर हिमवृष्टीत लोक रात्रभर अडकले होते. (तो रस्ता कौन्सिलचा नव्हता, ही गोष्ट वेगळी.) नव्या कलमाप्रमाणे 'वाजवीपणे शक्य असेल तितकं' बर्फापासून रस्ता सुरक्षित ठेवणं हे कर्तव्य ठरलं. या एवढ्याशा सवलतीत गल्ल्या मागे राहिल्या.

गल्ल्या वगळण्यामागे निसर्गाचंही कारण आहे. मीठ नुसतं पडून भागत नाही; चाकांखाली रगडलं जाऊन ते ओलाव्यात विरघळावं लागतं. रहदारी नसली तर ते तसंच पडून राहतं. त्यामुळे रस्त्यावर बर्फ धरण्याआधीच ते टाकायचं असतं आणि निर्णय दुपारच्या अंदाजावर घ्यावा लागतो. तोही हवेच्या नव्हे, रस्त्याच्या तापमानावर. हवा ३ अंशांवर असली तरी निरभ्र रात्री डांबर शून्याखाली जाऊ शकतं. म्हणून रस्त्याकडेला सेन्सर बसवलेले असतात. उणे ८-१० अंशांच्या खाली तर मिठाचाही फारसा इलाज चालत नाही.

हे मीठ सैंधवासारखं खाणीतलंच, पण तपकिरी; बरंचसं चेशरमधल्या विन्सफर्डहून येतं. २००९ आणि २०१०च्या हिवाळ्यांत साठे आटले, सरकारने कौन्सिलांना वापर कमी करायला सांगितलं आणि प्राधान्यक्रमाला खरी धार आली. सरकारने नेमलेल्या डेव्हिड क्वार्म्बी यांच्या समितीने २०१०मध्ये १२ दिवस किंवा मीठ टाकण्याच्या ४८ फेऱ्या पुरेल इतका साठा ठेवण्याची शिफारस केली.

उरलेल्या गल्ल्यांसाठी कोपऱ्यावर मिठाच्या पिवळ्या पेट्या ठेवल्या जातात. पण फूटपाथ साफ केला आणि तरी कुणी घसरलं, तर दावा आपल्यावरच, अशी धास्ती लोकांना होती. म्हणून त्याच वर्षी सरकारने 'स्नो कोड' काढला : नीट काळजी घेऊन साफ केलंत तर तुमच्यावर दावा होण्याची शक्यता फार कमी, मात्र गरम पाणी ओतू नका, ते गोठून आणखी निसरडं होतं.