सबस्क्रिप्शन आणि परपेच्युअल अ‍ॅक्सेस: भाडेकरू कोण, मुंडकार कोण

परवा केमिस्ट्रीचे सर मोबाईल नाचवतच लायब्ररीत आले, "मॅडम, हे जर्नल आपण घेतलेलं ना, मग उघडत का नाही?" बघते तर 2019 चा पेपर, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट दिसतोय आणि पीडीएफच्या जागी पैसे मागणारं बटण. 2016 ते 2020 अशी पाच वर्षं आम्ही त्याचे पैसे भरलेत. सगळा घोळ त्या "घेतलेलं" शब्दात आहे.

छापील जर्नल घेतलं की अंक कपाटात, पुढच्या वर्षी बंद केलं तरी जुने बाउंड व्हॉल्यूम वाळवी लागेपर्यंत आपलेच. ऑनलाइनमध्ये मात्र दोन वेगळे सौदे असतात आणि बिलावरून कुठला कुठला ते बऱ्याचदा कळतही नाही.

सबस्क्रिप्शन म्हणजे सरळ भाडं. पैसे थांबले की दार बंद, थोडे दिवस ग्रेस पिरियड मिळाला तर मिळाला, आणि दार बंद म्हणजे भाड्याच्या काळात वीस वर्षांपूर्वीचे अंक फुकट दिसत होते ना, तेही गेले. परपेच्युअल म्हणजे कायमचा अ‍ॅक्सेस, त्यात ज्या वर्षांचे पैसे भरले त्या वर्षांचे अंक नंतरही उघडतात, पण फक्त त्याच वर्षांचे, 2016 ते 2020 भरलेत तर 2015 चा मागू नका, मागचं हवं असेल तर बॅकफाइल, म्हणजे जुन्या अंकांचा संच, वेगळी विकत घ्यायची.

गोव्यात हे समजवायला मी भाडेकरू आणि मुंडकार (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारा) सांगते, पटकन डोक्यात शिरतं. भाडेकरूने करार संपला की चावी द्यायची. मुंडकाराला 1975 च्या कायद्यामुळे मनाला येईल तेव्हा उठवता येत नाही, पण भाट, म्हणजे जमीन, भाटकाराचंच. परपेच्युअलवाली लायब्ररी ही मुंडकार, सर्व्हर पब्लिशरचाच राहतो. म्हणून तर काही ई-बुकवाले पुस्तक "कायमचं" विकून वर दर वर्षी प्लॅटफॉर्म फी घेतात, मला विचाराल तर ही चक्क लबाडी आहे पण लायसन्समध्ये लिहिलेली असते आणि आपण न वाचता सही करतो. भाटकारच, म्हणजे पब्लिशरच, गायब झाला तर काय, त्यासाठी अंकांच्या प्रती जपून ठेवणारी पोर्टिको आणि लॉक्ससारखी आर्काइव्हं आहेत, पब्लिशर त्यात आहे का हे सहीच्या आधी विचारायचं.

आता केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना आल्यापासून बऱ्याच जणांना वाटतं की हा विषयच संपला. 1 जानेवारी 2025 पासून 30 पब्लिशर, जवळपास 13,000 जर्नलं, सरकारी संस्थांना मिळाली, चांगलीच गोष्ट आहे, पण मंजुरी 2025, 2026 आणि 2027 ह्या तीन वर्षांची, आणि नावातच सबस्क्रिप्शन लिहिलंय. आता ते मिळतंय म्हणून आपल्या जुन्या लायसन्सच्या फायली रद्दीत घालू नका हो. त्यात बघायचं एकच कलम, करार संपल्यावर अ‍ॅक्सेसचं काय. तिथे काही लिहिलंच नसेल तर आपण भाडेकरू समजून चालायचं, सेल्सवाल्याने फोनवर काय सांगितलं त्याला अर्थ नाही.

सरांच्या जर्नलाच्या लायसन्समध्ये ते कलम होतं, सातव्या पानावर, स्पष्ट. मग उघडत का नव्हतं? मधल्या काळात जर्नल दुसऱ्या पब्लिशरकडे गेलेलं आणि नव्याच्या सिस्टीममध्ये आमचं नावच नाही. मेल केला तर उत्तर आलं, पैसे भरल्याचा पुरावा पाठवा, वर्षवार. चार वर्षांची इन्व्हॉइस माझ्याकडे मिळाली, नेमकं 2019 चं ऑडिटला गेलेलं ते परत आलंच नव्हतं. अकाउंट्सवाले म्हणाले माळ्यावरच्या गठ्ठ्यात असेल, म्हणून मी सरांनाच शिडी धरायला घेऊन गेले.