‘आईकडनं आलेली’ सर्दी: ॲलर्जी आणि आनुवंशिकतेच्या शोधाची पार्श्वभूमी

पावसाळा सरतो, बांधावरचं गवत तुऱ्यावर येतं, पुढं फडात पाचट पेटतं आणि कोल्हापुरातली बरीच नाकं वाहायला लागतात. डॉक्टर विचारतात, ‘घरात कुणाला दमा, इसब, अशी सर्दी?’ उत्तर येतं, ‘आईकडनंच आलंय हे.’ धूर नाकाला नुसता झोंबतो, ती ॲलर्जी नव्हे. गवताच्या परागांचं तसं नाही. पण तेच पराग शेजारच्याला का छळत नाहीत?

1819 मध्ये लंडनच्या जॉन बोस्टॉक यांनी स्वतःच्याच उन्हाळी सर्दीचं वर्णन केलं. 1873 मध्ये चार्ल्स ब्लॅकली यांनी परागांवर बोट ठेवलं, तेही स्वतःवर प्रयोग करून. घराण्याची बाजू नीट तपासली ती न्यूयॉर्कच्या कुक आणि व्हँडर वीर यांनी, 1916 मध्ये. त्यांच्या 504 रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या घरात ॲलर्जी निघाली. मला त्यांचं खरं मोल वाटतं ते पुढच्या निरीक्षणात: वारशानं येतो तो नुसता कल, ठरावीक ॲलर्जी नव्हे. म्हणजे आईला धुळीचा त्रास, तर लेकाला गवताचा, असं होऊ शकतं.

1966 च्या सुमारास इशिझाका दांपत्यानं आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी या सगळ्यामागचं आयजीई हे प्रतिपिंड, म्हणजे शरीर बाहेरच्या गोष्टींविरुद्ध बनवतं ते प्रथिन, शोधलं. मग त्यामागच्या जनुकाचा माग सुरू झाला. 1989 मध्ये ऑक्सफर्डच्या गटानं अकराव्या गुणसूत्राकडं बोट दाखवलं. गाजावाजा झाला, पण इतरांच्या हाती दर वेळी तेच लागेना. गंमत म्हणजे त्याच वर्षी डेव्हिड स्ट्रॅचन यांनी ब्रिटिश मुलांची माहिती चाळून वेगळंच मांडलं: ज्यांना भावंडं, त्यातही थोरली, जास्त, त्यांना परागांची सर्दी कमी. ॲलर्जी वाढली ती दोन-तीन पिढ्यांत. जनुकं काही एवढ्यात बदलत नाहीत.

एका जनुकाची आशा 2018 पर्यंत पार मावळली. दोन लाखांवर लोकांच्या अभ्यासात ॲलर्जिक सर्दीशी जोडलेल्या गुणसूत्रांवरच्या 41 जागा सापडल्या, त्यातल्या 20 नव्या. बऱ्याचशा रोगप्रतिकारशक्तीशी निगडित, आणि एकेकीचा वाटा अगदी थोडा. त्यात हे सगळे लोक युरोपीय वंशाचे. तेव्हा थुंकीच्या नमुन्यावरून ॲलर्जीचा धोका सांगणारा अहवाल कुणी कोल्हापूरकराच्या हाती ठेवला, तर तो कुणाच्या जनुकांवर बेतलाय हे आधी विचारावं.