आई तोडणं वेगळं, दूध तोडणं वेगळं

दुग्धव्यवसायाच्या प्रशिक्षणात 'वीनिंग' म्हणतात ते वासरू जन्मताच किंवा चार-पाच दिवसांत आईपासून वेगळं करण्याला. खुराकाच्या पोत्यावर तोच शब्द दूध कायमचं बंद करण्यासाठी छापलेला असतो. बोलताना दोन्हीला 'वासरू तोडलं' म्हणून मोकळं होतात. मग नागपूर जिल्ह्यातलं काटोल असो की कामठी, गोठ्यात तोच घोळ दिसतो. चौथ्या दिवशी वेगळ्या खुंट्याला बांधलेल्या कालवडीचं दूधही महिनाभरात आटोपलेलं असतं, कारण 'तिला तर तोडलंच आहे'. नाहीतर सहा महिन्यांची वगार अजून म्हशीला लुचत असते म्हणून तिला खुराकच लावलेला नसतो, कारण 'ती अजून तोडायची आहे'.

आई तोडायची की नाही, हे गाय बघून ठरवायचं. ते ठरवणं सोपं आहे आणि बहुतेकांना जमतंही. संकरित गाय वासराशिवाय पान्हवते, त्यामुळे जन्मापासून वासरू वेगळं ठेवता येतं. फक्त निर्णय विण्याआधी घ्या. महिनाभर वासरू लावून मग काढलं की ती पान्हा चोरते. देशी गवळाऊ गाय आणि नागपुरी म्हैस यांच्याजवळ वासरू राहू द्यावं, दोन घोट पाजून बाजूला बांधावं, शेवटी एक सड सोडावा. इंजेक्शन टोचून पान्हा आणणं हा पर्यायच नव्हे. वासरू कुठेही बांधा, चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध, मात्र पहिल्या दोन तासांत पोटात गेला पाहिजे. पहिल्या दिवसात वजनाच्या एक दशांश इतका चीक हवा, कारण चोवीस तासांनंतर त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून रक्तात जात नाहीत.

दूध तोडायचं ते वासराचं पोट बघून. चुका होतात त्या इथे, आणि त्याचं कारण कॅलेंडर. 'तीन महिने झाले, आता बंद' हा हिशेब निरुपयोगी आहे.

वासरू दूध पितं तेव्हा ते दूध पहिल्या मोठ्या कप्प्यात, म्हणजे कोठीपोटात, जातच नाही. अन्ननलिकेच्या तोंडाशी एक पन्हळ तयार होते आणि दूध थेट शेवटच्या कप्प्यात उतरतं. म्हणून नुसत्या दुधावरचं वासरू तीन महिन्यांचं झालं तरी त्याचं कोठीपोट कोवळंच राहतं. ते तयार होतं दाण्याने. भरडलेलं धान्य आणि पाणी कोठीपोटात आंबतं, त्यातून निघणाऱ्या आम्लांमुळे आतल्या अस्तरावर बारीक बोटांसारखे अंकुर वाढतात आणि त्यांतूनच पोषण शोषलं जातं. याला दाणा नीट खायला लागल्यापासून तीनेक आठवडे लागतात. कुटार (भुसा) किंवा कडब्याने कोठीपोट ताणलं जातं, पण अंकुर वाढत नाहीत. ढेरपोटं वासरू पाहून 'चांगलं खातंय' म्हणणाऱ्यांनी त्याच्या पाठीच्या मणक्यांवरून एकदा हात फिरवून बघावा. ती ढेरी कुटाराची आणि जंतांची असते.

म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर खुराक समोर ठेवायचा आणि दूध पिऊन झाल्या झाल्या थोडा तोंडात भरायचा. रोज सकाळी उरलेला काढून तोलायचा. घरी करायचा असेल तर शंभर किलोला मक्याचा भरडा ५०, सोयाबीनची ढेप ३०, गव्हाचा कोंडा १७, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. विदर्भात हात आपोआप सरकीच्या ढेपेकडे जातो, पण वासराच्या खुराकात ती नको. तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य मोठ्या जनावराचं कोठीपोट निष्प्रभ करू शकतं, कोवळं पोट करू शकत नाही. हृदय आणि यकृत बिघडतं. निदान चार महिने तरी ती दूर ठेवा. युरिया घातलेला मोठ्या जनावरांचा खुराकही देऊ नका.

पाण्याची वेगळी बादली पहिल्या आठवड्यापासूनच हवी. 'दूध पितंय, पाणी कशाला' हे वाक्य ऐकून चीड येते. दूध कोठीपोटात जात नसल्याने तिथला दाणा आंबायला लागणारं पाणी वेगळंच प्यावं लागतं. एक किलो खुराकामागे साधारण चार लिटर धरा, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

संकरित वासरू सलग तीन दिवस रोज एक किलो खुराक संपवू लागलं की दूध तोडायला ते तयार झालं. बहुधा हे आठव्या ते दहाव्या आठवड्यात घडतं. गवळाऊचं अंग हलकं, त्यामुळे तिथे किलोचा हट्ट नको, पण वजन जन्माच्या दुप्पट झालेलं असावं. वगारीला तीन महिने किंवा जास्तही लागतात. लागू द्या.

तयार झाल्यावरही एका दिवसात बंद करू नये. तीन लिटर दोन वेळांत पीत असेल तर आधी संध्याकाळचं थांबवा, चार दिवस सकाळी दीड लिटर, पुढचे चार दिवस एक लिटर, मग बंद. दुधात पाणी वाढवत नेण्याची रीत वाईट. पोट पाण्याने भरतं आणि खुराक वाढत नाही. त्या आठवड्यात शिंगं डागणं, लस, जागा बदलणं यांतलं काहीही नको. वैशाखात पारा ४५ च्या पुढे असताना, किंवा पहिल्या पावसात गोठा ओला असताना वासरू तयार झालं, तर दोन आठवडे थांबा. तेवढं दूध वाया जात नाही.

आता माणसाळवण्याबद्दल. बादली पाहून धावत येणारं वासरू माणसाळलेलं नसतं, हावरं असतं. माणसाळलेलं वासरू रिकाम्या हातालाही उभं राहतं. ती सवय दूध चालू असतानाच, पहिल्या महिन्यात लावायची. मागून जाऊ नका, खांद्याच्या बाजूने बोलत जा. गाय जिथे चाटते तिथे खाजवा: गळ्याखाली, वशिंडापाशी, शेपटीच्या बुडाशी. कपाळ मात्र कुणी दाबायचं नाही, पोरांनीही नाही. कपाळ दाबणं म्हणजे ढुशी शिकवणं, आणि वीस किलोच्या गोऱ्ह्याची गोड ढुशी तीनशे किलोला बरगडी मोडते. गोऱ्हा एकटा वाढवू नये. बरोबरीच्या वासरांत राहिला तर माणसाला आपल्या जातीचं समजून टक्कर घ्यायला येत नाही. पंधराव्या दिवसापासून मोरकी (तोंडाभोवतीची दोरी) घालून रोज दहा मिनिटं बांधा, आणि ओढणं थांबवल्यावरच सोडा. ओढत असताना सोडलं तर ओढलं की सुटतं, हेच ते शिकतं. पोळ्याच्या खांदमळणीला चार माणसांनी धरावा लागणारा बैल बहुतेकदा असाच घडलेला असतो.

दूध बंद झाल्यावर पुढचे पंधरा दिवस, आधी दूध पाजणाऱ्या माणसानेच त्याच वेळेला खुराकाचं टोपलं घेऊन जावं आणि खाऊन होईपर्यंत तिथेच उभं राहावं. खुराक या दिवसांत दीड-दोन किलोकडे सरकला पाहिजे. आहे तेवढ्यावरच अडकला तर आधी पाण्याची बादली बघावी, मग शेण.